मायक्रोस्कोपखाली चालणारे कॅरिपोराइड प्लेटमध्ये का चालत नाही? कर्करोगपेशीतील आम्लनियंत्रण रोखण्याचे एक प्रकरण

पेशीच्या आतला पीएच बिघडवून कर्करोगपेशी मारायची, ही कल्पना कागदावर सरळ दिसते. प्रयोगशाळेत ती नेमकी कुठे अडकते, हे या प्रकरणात पाहायचे आहे. औषध कॅरिपोराइड. लक्ष्य एनएचई१, म्हणजे सोडियम आत घेऊन प्रोटॉन बाहेर टाकणारे वाहक प्रथिन. पेशी एमडीए-एमबी-२३१, ट्रिपल निगेटिव्ह स्तनकर्करोगाची सर्वत्र वापरली जाणारी सेल लाइन. अशी परिस्थिती अनेक प्रयोगशाळांत थोड्याफार फरकाने उद्भवते, म्हणून ती इथे नमुना-प्रकरण म्हणून मांडली आहे. गटाची मोजमापे म्हणून येणारे आकडे हिशेब समजण्यासाठी घेतले आहेत. औषधे, प्रथिने, द्रावणे आणि प्रसिद्ध चाचण्यांचे तपशील मात्र खरे आहेत.

जुळत नसलेले निकाल

पहिला प्रयोग मायक्रोस्कोपखाली झाला. काचेच्या तळाच्या डिशमध्ये वाढवलेल्या पेशींत बीसीईसीएफ हा पीएचनुसार चमक बदलणारा रंग भरला. ३७ अंश सेल्सिअसचे, बायकार्बोनेट नसलेले, हेपिस या पीएच स्थिर ठेवणाऱ्या बफरचे द्रावण त्यांच्यावरून वाहते ठेवले आणि अमोनियम क्लोराइड देऊन-काढून पेशींना मुद्दाम आम्लात ढकलले. औषध नसताना पेशींचा पीएच ६.५ वरून दहाएक मिनिटांत ७.२ च्या आसपास परत आला. १० मायक्रोमोलर कॅरिपोराइड असताना रेषा तळाशी सपाट राहिली. इतका स्वच्छ निकाल क्वचित मिळतो.

दुसरा प्रयोग ९६ वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये. डीएमईएम माध्यम, १० टक्के सीरम, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ७२ तास, कॅरिपोराइड ०.१ ते ३० मायक्रोमोलर. शेवटी एमटीटी चाचणी, म्हणजे जिवंत पेशींनी जांभळा रंग तयार करण्याची. सर्व वेल कंट्रोलइतक्याच जांभळ्या निघाल्या.

मग गटाने ईआयपीए घेऊन पाहिले. अमिलोराइडच्या घराण्यातले, एनएचई१ रोखणारे हे जुने संयुग आहे. १० मायक्रोमोलरच्या पुढे पेशी भराभर मरू लागल्या. जोडीला एझेडडी३९६५ हे लॅक्टेट-वाहक एमसीटी१ रोखणारे औषधही लावले होते. त्याचा काहीच परिणाम दिसला नाही. अहवालाच्या मसुद्यात तीन निष्कर्ष उतरले: कॅरिपोराइड दुबळे आहे, ईआयपीए हे चांगले एनएचई१-रोधक आहे, आणि या पेशींना लॅक्टेट बाहेर टाकण्याची गरज नाही. तिन्ही चुकीचे आहेत आणि प्रत्येकाच्या चुकीचे कारण वेगळे आहे.

आम्ल बाहेर जाते कुठून

निरोगी पेशीच्या आतला पीएच साधारण ७.२ आणि बाहेरचा ७.४ असतो. घन गाठीत चित्र उलटे होते. आतला पीएच ७.४ किंवा थोडा वर, बाहेरचा ६.५ ते ६.९ पर्यंत खाली. एका ग्लुकोजपासून दोन लॅक्टेट आणि दोन प्रोटॉन तयार होतात. गाठीतल्या पेशी ग्लुकोज ढीगभर जाळतात, तरी आतून आम्लारी राहतात, कारण आम्ल बाहेर टाकण्याची व्यवस्था त्यांनी वाढवून ठेवलेली असते.

ही व्यवस्था एकाच प्रथिनावर उभी नाही. एनएचई१ प्रोटॉन बाहेर टाकतो. एमसीटी१ आणि एमसीटी४ लॅक्टेट व प्रोटॉन एकास एक प्रमाणात एकत्र बाहेर नेतात. एनबीसीएन१ सोडियमबरोबर बायकार्बोनेट आत आणतो. आत आलेले बायकार्बोनेट प्रोटॉन पकडते आणि कार्बन डायऑक्साइड होऊन पडद्यातून बाहेर पसरते. पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर बसलेले कार्बोनिक अनहायड्रेज-९, म्हणजे सीए९, त्या कार्बन डायऑक्साइडचे पुन्हा बायकार्बोनेट आणि प्रोटॉन करते, म्हणजे एनबीसीएन१ ला माल मिळत राहतो. व्ही-एटीपेज हा पंप मुख्यतः लायसोसोमच्या पडद्यावर असतो, काही आक्रमक पेशींत बाह्य पडद्यावरही सापडतो. घराला चार मोऱ्या असताना एक बुजवली म्हणून पाणी तुंबत नाही, तसेच हे आहे.

प्रकरणाची किल्ली इथेच आहे. पहिल्या प्रयोगातल्या द्रावणात बायकार्बोनेट नव्हते, म्हणजे एनबीसीएन१ बंद होता. लॅक्टेटचाही मोठा ओघ नव्हता, कारण अमोनियमने दिलेला प्रोटॉनचा बोजा लॅक्टेटशिवाय आलेला असतो आणि एमसीटीला जोडीशिवाय प्रोटॉन नेता येत नाही. उरला फक्त एनएचई१. तो रोखला, रेषा सपाट झाली. दुसऱ्या प्रयोगात डीएमईएममध्ये ४४ मिलिमोलर बायकार्बोनेट होते आणि सगळ्या वाटा उघड्या होत्या.

ढाळ आणि ओघ यांतला फरक

हे पडताळण्यासाठी गटाने अमोनियमचा प्रयोग दोन द्रावणांत शेजारी-शेजारी केला. एक हेपिसचे, पीएच ७.४, बायकार्बोनेटशिवाय, शंभर टक्के हवेत. दुसरे २२ मिलिमोलर बायकार्बोनेटचे, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सतत बुडबुडत ठेवलेले. २२ चा आकडा हिशेबातून येतो. ३७ अंशांवर ओलसर ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा दाब सुमारे ३५.७ मिलिमीटर पारा. विद्राव्यता ०.०३०७ ने गुणले की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड १.०९ मिलिमोलर. पीएच = ६.१ + लॉग (बायकार्बोनेट ÷ १.०९). पीएच ७.४ हवा तर बायकार्बोनेट २१.८ लागते. याच सूत्रात डीएमईएमचे ४४ घातले की पीएच ७.७ येतो. म्हणजे ‘नेहमीच्या’ प्लेटमध्ये सुरुवातीला पेशी गाठीतल्या आम्लात नव्हेच, रक्तापेक्षाही आम्लारी माध्यमात बसलेल्या असतात. आम्लनियंत्रणाचे औषध तपासायला याहून प्रतिकूल सुरुवात शोधून सापडणार नाही, आणि तरी बहुतेक प्लेट अशाच लावल्या जातात.

कृती अशी. बीसीईसीएफ-एएम, म्हणजे पेशीत शिरणारे रंगाचे एस्टर-रूप, १ ते २ मायक्रोमोलर, १५ मिनिटे, मग धुऊन आणखी १० मिनिटे थांबायचे, म्हणजे एस्टर पूर्ण तुटतो. ४९० आणि ४४० नॅनोमीटरने उत्तेजन, ५३५ ला मोजणी, दोन्हींचे गुणोत्तर. ४४० ची रेषा वेगळी काढून पाहायचीच: ती पीएचला जवळजवळ दाद देत नाही, म्हणून ती घसरत असेल तर रंग गळतो आहे किंवा पेशी सुटत आहेत, आणि त्या डिशवरचे गुणोत्तर कितीही सुंदर दिसले तरी टाकून द्यावे. नंतर २० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड, तेवढेच सोडियम क्लोराइड कमी करून, ५ ते ८ मिनिटे. अमोनिया आत शिरतो, पीएच वर उडी मारतो, मग अमोनियम आयन हळूहळू आत आल्याने थोडा खाली सरकतो. पुढे सोडियमविरहित द्रावण, सोडियमच्या जागी एनएमडीजी, हा वाहकांतून न जाणारा मोठा आयन. अमोनिया झपाट्याने निघून जातो, प्रोटॉन मागे राहतात, पीएच आपटतो. इथे दोन-तीन मिनिटे थांबणे महत्त्वाचे. सोडियम नसतानाही पीएच वर चढत असेल तर व्ही-एटीपेजसारखी सोडियमविना चालणारी वाट आहे. व्ही-एटीपेज रोखणाऱ्या बॅफिलोमायसिनने, १०० नॅनोमोलरला, ती ओळखता येते. या पेशींत ती नगण्य निघाली. मग सोडियम परत द्यायचे आणि चढणीचा वेग मोजायचा.

वेग नेहमी एकाच आतल्या पीएचला मोजावा. इथे ६.८ ला मोजला. एका डिशचा ६.५ चा आणि दुसऱ्याचा ६.८ चा वेग ताडून पाहण्यात अर्थ नाही, कारण एनएचई१ आतल्या आम्लाने जागा होतो आणि पीएच चढतो तसा तीव्रपणे मंदावतो.

हेपिसमध्ये औषधाविना वेग निघाला मिनिटाला ०.१० पीएच. बायकार्बोनेटमध्ये ०.११. पाहणाऱ्याला वाटेल, बायकार्बोनेटने फरक पडलाच नाही. पण पीएचचा वेग म्हणजे प्रोटॉनचा ओघ नव्हे. ओघ = बफरक्षमता × वेग. पेशीच्या स्वतःच्या प्रथिनांची बफरक्षमता या पेशींत ६.८ ला २० मिलिमोलर प्रति पीएच धरली. ती सोडियम आणि बायकार्बोनेट दोन्ही नसताना अमोनियम २०, १०, ५, २.५, १, ० असे पायरीपायरीने उतरवून काढतात. बायकार्बोनेट असले की त्यात २.३ × आतले बायकार्बोनेट एवढी भर पडते. बाहेर ७.४ ला २२ मिलिमोलर असेल तर आत ६.८ ला ५.५, भर १२.७, एकूण ३२.७. आता ओघ काढा. हेपिसमध्ये ०.१० × २० = २.०. बायकार्बोनेटमध्ये ०.११ × ३२.७ = ३.६ मिलिमोलर प्रति मिनिट. ढाळ सारखा दिसत असताना ओघ जवळजवळ दुप्पट आहे. १० मायक्रोमोलर कॅरिपोराइड घातल्यावर हेपिसमध्ये शून्य आणि बायकार्बोनेटमध्ये ०.०५ × ३२.७ = १.६. म्हणजे एनएचई१ चा २.० चा वाटा औषधाने पूर्ण उडवला, तरी पेशीकडे मूळ क्षमतेच्या ४५ टक्के उरली.

कॅरिपोराइड दुबळे नव्हते. त्याने आपले काम दोन्ही द्रावणांत शंभर टक्के केले. एनएचई१ हा या पेशींचा एकमेव आधार नाही, एवढेच आलेख सांगत होता.

डोसबद्दल एक बाब. कॅरिपोराइड आणि अमिलोराइडची सारी मंडळी बाहेरच्या सोडियमशी स्पर्धा करतात. कमी सोडियममध्ये केलेल्या चाचणीतला अर्ध-रोधक डोस वाचून तोच १४० मिलिमोलर सोडियमच्या माध्यमात वापरला तर रोध अपुरा पडतो. या गटाने १० मायक्रोमोलर निवडले ते बरोबर होते. १ मायक्रोमोलरवर थांबले असते तर पहिला प्रयोगही संशयात गेला असता.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे रंगाचे गुणोत्तर पीएचच्या आकड्यात बदलण्याची पट्टी. ते शेवटी करतात: पोटॅशियम सुमारे १४० मिलिमोलर, पडद्यातून पोटॅशियम व प्रोटॉनची अदलाबदल करणारे निजेरिसिन १० मायक्रोमोलर, ६.२ ते ७.८ दरम्यान पाच-सहा पीएच. निजेरिसिन नळ्यांना आणि काचेला चिकटून राहते. पुढच्या डिशमध्ये त्याचा अंश आला की पेशीतले पोटॅशियम बाहेर जाऊन प्रोटॉन आत येतात, पीएच खालीच राहतो, आणि औषधाने ‘पुनर्प्राप्ती’ थांबवल्यासारखे दिसते. कॅलिब्रेशनच्या नळ्या वेगळ्या ठेवाव्यात, बाकी सगळे इथेनॉलने आणि मग अल्ब्युमिन घातलेल्या द्रावणाने धुवावे. अचानक सगळ्याच डिश औषधाविना सपाट दिसू लागल्या तर पहिला संशय इथेच घ्यावा.

उरलेला १.६ कोणाचा?

बायकार्बोनेट काढले की नाहीसा होणारा आणि सोडियमवर अवलंबून असलेला ओघ, म्हणजे संशय एनबीसी घराण्यावर, सोडियम-बायकार्बोनेट वाहकांवर. डीआयडीएस हे ठरलेले रोधक लावले तर फरक पडला नाही, आणि गटातून सूर निघाला की एनबीसी नाहीच. पण एनबीसीएन१ हा डीआयडीएसला फारशी दाद न देणारा सदस्य आहे, आणि स्तनकर्करोगाच्या ऊतीत आम्ल बाहेर टाकण्यात त्याचाच वाटा मोठा असतो. डीआयडीएसचा नकारात्मक निकाल इथे काहीही सिद्ध करत नाही.

पुढचा मोह एस०८५९ चा. एनबीसी रोखण्यासाठी ते बहुतेक ३० ते ५० मायक्रोमोलरला वापरतात. तेच संयुग ४ ते १० मायक्रोमोलरच्या टप्प्यात एमसीटीही रोखते, हे २०१५ साली दाखवले गेले आहे. कॅरिपोराइड आणि एस०८५९ एकत्र घालून पेशी मेल्या, तर तीन वाटा बुजलेल्या असतील, दोन नव्हे. त्यामुळे गटाने रसायनाऐवजी जनुकाचा मार्ग घेतला. क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने एसएलसी४ए७, म्हणजे एनबीसीएन१ चे जनुक, आणि स्वतंत्रपणे एसएलसी९ए१, म्हणजे एनएचई१ चे, बंद केले. प्रत्येकाचे किमान दोन स्वतंत्र क्लोन घ्यायचे, कारण आम्लाच्या ताणाखाली निवडून आलेला एखादा क्लोन दुसरी वाट वाढवून बसलेला असू शकतो. प्रथिने ओळखणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर चारही वाहकांच्या पट्ट्या एकत्र पाहिल्या की अशी भरपाई लगेच उघडी पडते.

ईआयपीएचा उलगडा याच क्लोनमुळे झाला. एनएचई१ मुळातच नसलेल्या पेशी ईआयपीएने तितक्याच मरत होत्या. लक्ष्य नाही, तरी मृत्यू तोच, म्हणजे मारणारी यंत्रणा दुसरी. हे अनपेक्षित म्हणता येणार नाही. अमिलोराइडचे पायराझिन वलय असलेली ईआयपीए आणि एचएमए ही संयुगे एनएचई१ विनाही स्तनकर्करोगाच्या पेशी मारतात आणि कॅरिपोराइड, एनिपोराइड तसे करत नाहीत, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कामात एमसीएफ-७ आणि एमडीए-एमबी-२३१ या दोन्हींवर दाखवले आहे. तरीही ‘ईआयपीएने पेशी मेल्या, म्हणून एनएचई१ आवश्यक’ हे वाक्य अजून लेखांत भेटते. पेशी मारते म्हणून एखादे संयुग चांगले रोधक ठरवणे ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी चूक आहे, कारण तिच्यावर पुढची अनेक वर्षे खर्ची पडतात.

एझेडडी३९६५ चे कोडे याहून सोपे. ते एमसीटी१ ला नॅनोमोलर प्रमाणात रोखते आणि एमसीटी४ ला जवळजवळ हात लावत नाही. एमडीए-एमबी-२३१ मध्ये एमसीटी१ व्यक्तच होत नाही. त्याच्या जनुकाचा प्रवर्तक मिथिलेशनने बंद आहे. लॅक्टेट जाते ते एमसीटी४ मधून. औषधासाठी लक्ष्यच नसलेल्या पेशी निवडल्या गेल्या होत्या. एक ब्लॉट आधी केला असता तर ७२ तासांच्या प्लेटची गरज नव्हती. कामाची चाचणी अशी: बाहेर १० मिलिमोलर लॅक्टेट सोडायचे आणि आतला पीएच पहिल्या अर्ध्या मिनिटात किती वेगाने पडतो ते पाहायचे. एमसीटी दोन्ही दिशांनी चालतो, म्हणून आत येणाऱ्या लॅक्टेटबरोबर प्रोटॉनही येतो. एझेडडी३९६५ ने हा वेग बदलला नाही. मूळचे रक्तदाबाचे औषध असलेल्या सायरोसिंगोपीनने, जे एमसीटी४ ला एमसीटी१ पेक्षा कितीतरी कमी डोसात रोखते, तो ठळकपणे मंदावला.

लॅक्टेटचा मुद्दा कॅरिपोराइडसाठीही महत्त्वाचा आहे, आणि तो वारंवार निसटतो. ग्लायकोलिसिसचे आम्ल एमसीटी४ मधून लॅक्टेटबरोबरच बाहेर पडत असेल, तर एनएचई१ वर त्या आम्लाचा बोजा येतच नाही. त्याच्या वाट्याला श्वसनातून आलेला कार्बन डायऑक्साइड आणि इतर किरकोळ बोजा येतो. अमोनियमचा झटका हा एनएचई१ ची कमाल ताकद मोजतो, रोजचे काम नव्हे.

प्लेट पुन्हा लावताना

दुसऱ्या फेरीत प्लेटची रचना बदलली. डीएमईएम पावडरपासून, बायकार्बोनेट हवे तेवढे घालून माध्यम तयार केले. कमी केलेल्या बायकार्बोनेटच्या जागी सोडियम क्लोराइड, म्हणजे ऑस्मोलॅरिटी तीच राहते. तीन माध्यमे घेतली. पहिले २२ मिलिमोलर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, पीएच ७.४. दुसरे ४.४ मिलिमोलर, ५ टक्के, पीएच ६.७. तिसरे ८.७ मिलिमोलर, १० टक्के, पीएच पुन्हा ६.७. शेवटच्या दोघांत बाहेरचा पीएच एकच, पण बायकार्बोनेट निम्म्या-दुप्पट फरकाचे. गाठीत आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही साठतो, त्यामुळे तिसरे माध्यम वास्तवाच्या अधिक जवळचे आहे. फक्त दुसरे वापरले तर एनबीसीएन१ ला उपाशी ठेवून कॅरिपोराइड उगीच बलवान दिसते.

हेपिस मुद्दाम टाळले. २० मिलिमोलर हेपिस हा इकडून तिकडे फिरणारा बफर आहे. पेशींच्या झुबक्यात तयार होणारा पीएचचा उतार तो पुसून टाकतो, आणि आपण जो परिणाम शोधत आहोत तोच नाहीसा होतो.

माध्यम लावण्याआधी रात्रभर इन्क्युबेटरमध्ये, झाकण सैल ठेवून. बाटलीतून थेट ओतलेल्या कमी बायकार्बोनेटच्या माध्यमाचा पीएच पहिले काही तास ठरलेल्या जागी नसतो. प्लेट इन्क्युबेटरबाहेर काढली की काही मिनिटांत फिनॉल रेड हा माध्यमातला पीएच-दर्शक रंग नारिंगीकडून गुलाबीकडे सरकलेला डोळ्यांना दिसतो: कार्बन डायऑक्साइड उडून चालला आहे. औषध घालण्याचे काम एकेका प्लेटचे, चटकन.

पेशींची घनता हा लपलेला शत्रू. २५ मिलिमोलर ग्लुकोजच्या १०० मायक्रोलिटरमध्ये २.५ मायक्रोमोल साखर असते; सगळी लॅक्टेट झाली तर ५ मायक्रोमोल आम्ल. ४४ मिलिमोलर बायकार्बोनेटचे १०० मायक्रोलिटर म्हणजे ४.४ मायक्रोमोल. दाट पेरलेल्या वेल तिसऱ्या दिवशी पिवळ्या पडतात, विरळ पेरलेल्या गुलाबीच राहतात. औषध फक्त दाट वेलमध्ये ‘चालते’ असे दिसले तर ते घनतेचे नव्हे, माध्यम आम्ल झाल्याचे फळ असते. ४.४ मिलिमोलरच्या माध्यमात ही गोष्ट काही तासांतच घडते. उपाय म्हणजे पेशी विरळ पेरणे, ग्लुकोज ५.५ मिलिमोलर ठेवणे, माध्यम रोज बदलणे, आणि शेवटी प्रत्येक गटातल्या निदान दोन वेलचा पीएच प्रत्यक्ष मोजून नोंदवणे.

एमटीटीऐवजी केंद्रक रंगवून पेशी मोजल्या. एमटीटी पेशींची संख्या सांगत नाही; ती रिडक्शनची क्रिया मोजते. आम्लात पेशी जिवंत राहूनही मंदावतात, आणि रेषा मृत्यूसारखी खाली येते.

निकाल असा आला. ७.४ ला कॅरिपोराइड निष्प्रभ, मूळ पेशींत आणि एनबीसीएन१ नसलेल्या पेशींतही; तिथे एमसीटी४ पुरेसा होता. ६.७ च्या ४.४ मिलिमोलर माध्यमात मूळ पेशींची वाढ कॅरिपोराइडने स्पष्ट मंदावली. ६.७ च्या ८.७ मिलिमोलर माध्यमात परिणाम विरला, पण एनबीसीएन१ नसलेल्या क्लोनमध्ये पुन्हा ठळक झाला. म्हणजे एनएचई१ रोखणे उपयोगी पडते ते फक्त आम्ल परिसरात, आणि तेही बायकार्बोनेटची वाट बंद असेल तर. याचे कारण वाहकांच्या रचनेतच आहे. बाहेरचे आम्ल एनएचई१ ला स्वतःच मंद करते, लॅक्टेटचा बाहेर जाणारा ओघ घटवते आणि बायकार्बोनेट खाऊन टाकते. सगळ्याच वाटा अर्धवट असताना एखादी पूर्ण बंद केली तर तूट भरून निघत नाही.

सीए९ या प्लेटमध्ये तपासले नाही, आणि तो निर्णय योग्य होता. सीए९ हे, ऑक्सिजन घटला की जागे होणाऱ्या एचआयएफ-१ या नियंत्रक प्रथिनामुळे, ऑक्सिजन कमी असताना तयार होते. नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये या पेशींवर ते अगदी कमी असते. एसएलसी-०१११ सारखे सीए९-रोधक अशा प्लेटवर घालून ‘परिणाम नाही’ लिहिणे म्हणजे एझेडडी३९६५ ची चूक पुन्हा करणे. त्यासाठी १ टक्के ऑक्सिजनमध्ये २४ ते ४८ तास आधी ठेवायचे आणि ब्लॉटवर सीए९ दिसल्याशिवाय औषध घालायचे नाही.

रुग्णाकडे जाणारी वाट

अहवालात कॅरिपोराइडबद्दल ‘पुढे औषध म्हणून विकसित करावे’ असे वाक्य होते. ते काढावे लागले, आणि त्याचे कारण पेशींच्या बाहेर आहे. कॅरिपोराइड मुळात हृदयासाठी बनले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एक्स्पेडिशन चाचणीत बायपास शस्त्रक्रियेच्या ५,७६१ रुग्णांवर ते तपासले. हृदयस्नायूचा झटका १८.९ वरून १४.४ टक्क्यांवर आला, पण पाचव्या दिवसापर्यंतचे मृत्यू १.५ वरून २.२ टक्क्यांवर गेले, आणि मेंदूच्या झटक्यांत वाढ झाली. तिथे औषध काही दिवसच शिरेतून दिले होते. कर्करोगात महिनोन्‌महिने द्यावे लागेल. या गटाने कॅरिपोराइडला प्रयोगशाळेतले अचूक साधन म्हणून ठेवले, उमेदवार औषध म्हणून नाही.

एझेडडी३९६५ रुग्णांपर्यंत पोहोचले आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत ४० रुग्ण होते, आणि डोस मर्यादित करणारा मुख्य त्रास म्हणजे दृष्टिपटलाच्या कामात लक्षणांशिवाय दिसणारे, उलटणारे बदल. दृष्टिपटल लॅक्टेटवर चालते आणि तिथे एमसीटी१ भरपूर असते. म्हणजे औषध लक्ष्यापर्यंत पोहोचत होते. ते द्यायचे तर एमसीटी४ नसलेल्या गाठींना, आणि त्याची खात्री ऊतीच्या नमुन्यावर आधी करून. एमडीए-एमबी-२३१ सारखी गाठ त्यात बसत नाही.

पुढची योजना म्हणून गटाने स्फेरॉइड, म्हणजे पेशींचे त्रिमितीय गोळे, निवडले. ही सेल लाइन आपणहून घट्ट गोळा करत नाही, सैल झुबका होतो. न चिकटणाऱ्या गोल तळाच्या वेलमध्ये २,००० पेशी, २.५ टक्के मॅट्रिजेल हे पेशींना धरून ठेवणारे जेल घालून आणि हलके सेंट्रिफ्यूज करून गोळा बांधतो. व्यास ४०० मायक्रोमीटरच्या पुढे गेल्याशिवाय गाभ्यात ऑक्सिजन कमी पडत नाही आणि सीए९ दिसत नाही, म्हणून औषध त्याआधी घालायचे नाही. चार गट: मूळ पेशी, एनबीसीएन१ नसलेल्या, एमसीटी४ नसलेल्या, आणि दोन्ही नसलेल्या, प्रत्येकात कॅरिपोराइड आणि कंट्रोल. उंदराच्या ४टी१ स्तनगाठींत एनएचई१, एनबीसीएन१ आणि एमसीटी४ यांपैकी कोणतेही एक कमी केले तरी वाढ मंदावते, पण वेगवेगळ्या मार्गांनी, असे २०१८ साली दाखवले गेले आहे. त्यामुळे एकेकट्या गटातही काही परिणाम अपेक्षित आहे, जोडीचा परिणाम त्यांच्या बेरजेपेक्षा जास्त आहे का, एवढाच प्रश्न आहे. थांबण्याची अटही आधीच लिहिली आहे. औषध घातलेल्या गोळ्यांच्या गाभ्यात आतला पीएच कंट्रोलपेक्षा खाली गेल्याचे मोजता आले नाही, तर गोळा लहान झाला तरी त्याचे श्रेय आम्लनियंत्रणाला द्यायचे नाही आणि ती फेरी तिथेच बंद करायची.